येते म्हणून गेलेल्या बाई

सोमवारी सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी बाई तीन नंबरच्या खोलीत फळा पुसत होत्या. फळा पांढरा, शाईच्या पेनाने लिहायचा. शनिवारच्या वर्गाने लिहून ठेवलेलं दोन दिवसांत सुकून घट्ट बसलं होतं, त्यामुळे ओल्या फडक्यावर त्यांना दोन्ही हातांचा जोर द्यावा लागत होता. इंग्रजीची ही संस्था परदेशात, टायरच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. खालच्या शटरची किल्ली बाईंकडे असे, कारण सगळ्यांत आधी त्याच येत. किल्ली मिळाली तेव्हा त्यांना तो मान वाटला होता. त्यांच्याबरोबर एकाच खोलीत राहणारी मावसबहीण म्हणाली होती, "ताई, ज्याच्याकडे किल्ली देतात त्याला शिपाई म्हणतात."

बाईंचं वय एक्कावन्न. आपल्याकडे एका मराठी शाळेत त्यांनी चोवीस वर्षं नोकरी केली. त्यातली पहिली सतरा वर्षं इंग्रजी शिकवलं. मग इंग्रजी शाळेत शिकलेली, फाडफाड बोलणारी एक तरुण शिक्षिका आली आणि मुख्याध्यापकांनी बाईंकडे भूगोल आणि कार्यानुभव दिला. बाईंनी सात वर्षं मुलांकडून कागदी पिशव्या करून घेतल्या. त्या पिशव्यांवर त्या डिंकाने चिठ्ठ्या चिकटवत, आणि चिठ्ठीवरचा इंग्रजी मजकूर कधी चुकू देत नसत. तेवढंच इंग्रजी उरलं होतं.

मावसबहीण या देशात नर्स होती. तिने या संस्थेची जाहिरात पाठवली. बाईंनी दोन वर्षांची बिनपगारी रजा टाकली, नवऱ्याला म्हणाल्या, "रिटायर होण्याआधी एकदा तरी माझा विषय शिकवते." नवरा म्हणाला, "शिकव की. पण तिथले लोक हसले तर माझं नाव सांगू नकोस." निघायच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी त्यांनी सगळ्यांना "येते हं" म्हटलं. मुख्याध्यापक म्हणाले, "या, या." एवढ्यावर निरोप झाला.

त्या सोमवारी सव्वासातच्या वर्गानंतर संचालकांनी त्यांना बोलावलं. संचालक चष्मा कपाळावर ठेवून शोधत बसणारे गृहस्थ.

"शुक्रवारी तपासणी आहे तुमची," ते म्हणाले. "परवाना खात्याचे निरीक्षक येतील. नियम ठाऊक आहे ना?"

नियम बाईंना पाठ होता. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा शिक्षकाला पहिले तीन महिने तात्पुरता वर्ग मिळे. मग निरीक्षक एकदा वर्गात बसत. पास झालं तर वर्ग कायमचा आपला. नापास झालं तर पद सहायकाचं, म्हणजे मागच्या खोलीत बसून वह्या तपासायच्या, आणि वर्षभर पुन्हा तपासणी मागायची सोय नाही.

"निरीक्षक कडक आहेत का?" बाईंनी विचारलं.

"फार सभ्य आहेत," संचालक म्हणाले. "म्हणून तर भीती."

मंगळवार चांगला गेला. वर्गात चौदा जण, सगळे कामावर जायच्या आधी येणारे. फर्निचरच्या दुकानातला मालाची लिफ्ट चालवणारा, दवाखान्यात फरशी पुसणारी एक बाई, दोन ड्रायव्हर, एक न्हावी, बाकीचे असेच. त्यांची चूक झाली की बाई चूक फळ्यावर लिहीत आणि विचारत, "हिला कुठे दुखतंय?" मग चौदाच्या चौदा जण त्या वाक्याचे डॉक्टर होत. त्या दिवशी न्हाव्याने क्रियापदाच्या शेवटचा हरवलेला एस शोधून काढला आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या.

वर्ग सुटल्यावर टोपी आला. टोपी हा बाईंचा सहकारी, वय चोवीस, खोलीतही लोकरीची टोपी घालणारा. इंग्रजी त्याची मातृभाषा, त्यामुळे त्याची तपासणी कधी झाली नव्हती. तो वर्गाच्या वेळेआधी एक मिनिट येई, हातात कॉफी घेऊन.

"एक विचारू?" तो म्हणाला. "हा जो पूर्ण वर्तमानकाळ आहे, तो नक्की कधी वापरतात?"

"तुम्ही दिवसातून पन्नास वेळा वापरता."

"वापरतो हो. मला तो येतो. फक्त ठाऊक नाही."

बाईंनी त्याला कागदावर एक आडवी रेघ काढून दहा मिनिटांत समजावलं. तो म्हणाला, "तुम्ही कमाल आहात," आणि तो कागद घडी करून खिशात घातला. बाई दिवसभर खुशीत होत्या. संध्याकाळी भाजी चिरताना त्यांनी मावसबहिणीला हे दोनदा सांगितलं.

"म्हणजे त्याच्या घरचं जेवण त्याला तू वाढलंस," मावसबहीण म्हणाली. "आणि तपासणी कोणाची? तुझी."

"तुला मेलीला काही चांगलं म्हणून बघवत नाही."

"बघवतं गं. दिसत नाही, एवढंच."

बुधवारी लिफ्टवाला बिस्किटांचा मोठा डबा घेऊन आला. आदल्या दुपारी एका हॉटेलात त्याची मुलाखत झाली होती, स्वागतकक्षातल्या कामाची, आणि ते काम त्याला मिळालं होतं. बाईंनी त्याच्याकडून दीड महिना उत्तरं घोकून घेतली होती. डबा फिरला. लिफ्टवाला उभा राहून सगळं सांगू लागला.

"सगळी उत्तरं बरोबर आली, टीचर. फक्त शेवटी एक गंमत झाली. मी उठलो, हात मिळवला, तुमच्यासारखं म्हटलं, 'ओके, आय ॲम कमिंग,' आणि निघालो. खाली रस्त्यावर आलो, बस पकडली. अर्ध्या तासाने फोन! ते तिघं अजून दार उघडं ठेवून बसलेले. विचारतात, तुम्ही येतो म्हणालात, कुठे अडकलात?"

वर्ग हसला. बाईही हसल्या, पण त्यांच्या हातातलं बिस्किट तसंच राहिलं.

"तुमच्यासारखं म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही रोज जाताना म्हणता ना. निरोपाचं आहे ना ते?"

बाईंनी वर्गाकडे पाहिलं. "अजून कोण म्हणतं असं?"

चौदाही जणांचे हात वर झाले. एका ड्रायव्हरने तर दोन्ही हात वर केले. तो घरीही म्हणत होता, त्याची बायकोही शिकली होती.

आपल्याकडे निघताना कोणी "जाते" म्हणत नाही. लहान मूल चुकून म्हणालं तर आई टपली मारते, "जाते काय? येते म्हण." जाणारा तो, जो परत येत नाही. बाईंनी हे इंग्रजीत आणताना कधी विचारही केला नव्हता. व्याकरणाची अख्खी वही त्यांच्या डोक्यात होती, कम आणि गो यांतला फरक त्यांनी सतरा वर्षं शिकवला होता. पण फळा पुसून, पिशवी खांद्याला लावून दारात आल्या की तिथे शिक्षिका संपे आणि आईने टपली मारलेली मुलगी उरे. ती म्हणे, "आय ॲम कमिंग." अकरा आठवड्यांत चौदा माणसांनी तिचं ऐकलं होतं.

संध्याकाळी मावसबहीण पोट धरून हसली. मग थांबून म्हणाली, "थांब. मी पण म्हणते की! ड्यूटी संपली की रोज. एक आजोबा आहेत वॉर्डात, मी कमिंग म्हणून निघते आणि दुसऱ्या दिवशी ते रुसून बसलेले असतात. मला वाटायचं, स्वभाव."

"हसू नकोस. परवा निरीक्षक येणार. त्यांच्यासमोर चौदा जण कमिंग म्हणत बाहेर पडले तर?"

"मग उद्याचा दिवस आहे ना. उतरव."

"उतरवते."

"त्यांचं उतरेल गं. तुझं काय? जित्याची खोड—"

"ती म्हण पूर्ण करू नकोस," बाई म्हणाल्या.

गुरुवारी त्यांनी दुसरं काहीच घेतलं नाही. फळ्यावर दार काढलं, दाराच्या आत एक माणूस, बाहेर एक माणूस. बाण काढले. 'कमिंग' म्हणजे ऐकणाऱ्याकडे येणं, 'गोइंग' म्हणजे त्याच्यापासून दूर. मग एकेकाला उठवून दाराबाहेर पाठवलं. प्रत्येकाने उंबऱ्यावर थांबून म्हणायचं, "आय ॲम गोइंग. गुडबाय." ज्याने 'कमिंग' म्हटलं त्याला बाकीच्यांनी दाराबाहेरच उभं ठेवायचं आणि विचारायचं, "येतोस ना? मग ये." न्हावी तीनदा चुकला. तिसऱ्या वेळी सगळा वर्ग हात बांधून त्याची वाट बघत बसला, तो दाराबाहेर, आणि कोणी त्याला बोलवेना. शेवटी तो स्वतःच आत आला आणि म्हणाला, "कळलं."

"लक्षात ठेवा," बाई म्हणाल्या. "माणूस कमिंग म्हणाला, तर तो येणारच. तुम्ही फक्त वाट बघायची. इंग्रजीत असंच असतं."

हे वाक्य त्यांनी दोनदा म्हणून घेतलं. चौदा जणांनी ते वहीत उतरवलं.

सगळे गेल्यावर फरशी पुसणारी मागे राहिली. जिन्यात तिने विचारलं, "टीचर, तुम्ही इतक्या शिकलेल्या. मग तुम्ही तसं का म्हणायचा?"

बाईंनी तिला खरं सांगितलं. आमच्यात जाते म्हणत नाहीत. म्हटलं तर परत येणं होत नाही, असं मानतात.

ती म्हणाली, "आज आम्ही सगळे उंबऱ्यावर म्हणालो. तुम्ही नाही म्हणालात."

"मी शिकवणारी आहे."

"एकदा म्हणून बघा ना."

"उद्या," बाई म्हणाल्या आणि तिच्यापुढे जिना उतरल्या.

शुक्रवारी निरीक्षक सात वाजून दहा मिनिटांनी आले. खरंच सभ्य. बूट पायपुसण्यावर घासले, सगळ्यांना सुप्रभात म्हटलं, मागच्या बाकावर बसून मांडीवर फॉर्म ठेवला. त्यांनी पहिल्याच मिनिटाला एक गोष्ट स्पष्ट केली, तपासणीत विद्यार्थ्यांनी शिक्षकाला कोणतीही मदत करायची नाही.

बाईंनी त्या दिवशी 'हरकत नसेल तर' या अर्थाची वाक्यं घेतली. सत्तर मिनिटं वर्ग असा चालला की पुन्हा तसा चालवून दाखवा म्हटलं तर जमलं नसतं. न्हाव्याने गिऱ्हाइकाला विचारलं, कान थोडा वाकवला तर हरकत आहे का. ड्रायव्हरने प्रवाशाला विचारलं, खिडकी बंद केली तर चालेल का. लिफ्टवाला हॉटेलातल्या नव्या कामावर जायच्या तयारीनेच आला होता, कोट घालून. त्याने निरीक्षकांनाच विचारलं, "सर, हरकत नसेल तर तुमची बॅग बाकावरून खाली ठेवू का?" निरीक्षक हसले आणि त्यांनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं. फळ्यावर चूक आली, वर्गाने तिला कुठे दुखतंय ते शोधलं. निरीक्षकांनी पुन्हा लिहिलं.

आठ वाजून चोवीस मिनिटांनी ते उभे राहिले. "उत्तम," ते म्हणाले. "मला पाच मिनिटं विद्यार्थ्यांशी एकट्याने बोलायचंय. नेहमीचेच प्रश्न. त्यानंतर तुम्ही आत येऊन आजच्या पाठाचा शेवट करा, की आपलं झालं."

शेवटचं वाक्य बाईंनी धड ऐकलं नाही. 'उत्तम' या शब्दापाशीच त्या थांबल्या होत्या. सात वर्षांत त्यांच्या इंग्रजीला कोणी उत्तम म्हटलं नव्हतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं, फडकं उचललं, दारापाशी गेल्या, मागे वळल्या.

"ओके," त्या म्हणाल्या. "आय ॲम कमिंग."

आणि दार लावून घेतलं.

बाहेर बोळकंडीत पाण्याचं यंत्र होतं आणि एक प्लास्टिकची खुर्ची. बाई खुर्चीत बसल्या. दाराची काच दुधी, आतलं काही दिसत नव्हतं. आपण काय म्हणालो ते त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. निरीक्षक बोलावतील तेव्हा आत जायचं, असा त्यांचा समज. मोठ्या माणसाने बाहेर पाठवलं, मोठा माणूस आत बोलावेल. शाळेत चोवीस वर्षं असंच चालत आलं होतं. त्या पाणी प्यायल्या. फडक्याची घडी केली. पाचाची दहा मिनिटं झाली, तेव्हा त्यांना वाटलं, निरीक्षक वर्गावर खूश आहेत, बोलत बसलेत.

आत काय झालं ते त्यांना फरशी पुसणारीने नंतर सांगितलं. निरीक्षकांचे प्रश्न चार मिनिटांत संपले. मग ते बसले. घड्याळ पाहिलं. विचारलं, "टीचर कुठे गेल्या?"

लिफ्टवाला उठून ठणठणीत इंग्रजीत म्हणाला, "सर, त्या येते म्हणाल्या आहेत. त्या येणारच."

"माणूस कमिंग म्हणाला की येतोच, सर," न्हावी म्हणाला. "आपण फक्त वाट बघायची."

सगळ्यांनी हात बांधले आणि वाट बघितली. आदल्या दिवशी शिकवलं होतं तसंच. एकटी फरशी पुसणारी म्हणाली, "सर, त्या बाहेर असतील. त्यांना जाते म्हणायचं होतं. मी बघून येते." निरीक्षकांनी हात वर करून तिला थांबवलं. मदत करायची नाही, हा नियम. आणि बाकीचे तेरा जण तिच्यावरच चिडले. न्हावी म्हणाला, "काल काय झोपली होतीस? कमिंग म्हणजे कमिंग."

आठ पंचेचाळीसला घंटा झाली. दार उघडलं. निरीक्षकांनी बाहेर खुर्चीत बसलेल्या बाईंकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर आठी आली, रागाची नव्हे, न समजल्याची.

"तुम्ही इथेच होतात?"

"हो. तुम्ही बोलवाल म्हणून."

"तुम्ही येते म्हणालात."

तेव्हा बाईंना आपला आवाज आठवला. त्यांनी सांगायचा प्रयत्न केला. आमच्या भाषेत निघताना असं म्हणतात, त्याचा अर्थ जाते असाच होतो, जाते हा शब्द तोंडातून काढत नाहीत. त्यांचं इंग्रजी एकदाही अडखळलं नाही. निरीक्षकांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"छान पद्धत आहे," ते मनापासून म्हणाले. "पण फॉर्मवर त्यासाठी रकाना नाही." मग त्यांनी फॉर्म वळवून दाखवला. शिक्षिका पाठ सोडून सतरा मिनिटं अनुपस्थित. पाठाचा समारोप झाला नाही. समारोपाला वीस गुण होते. बाई सात गुणांनी नापास झाल्या.

जाताना निरीक्षक वर्गाला "गुडबाय" म्हणाले. वर्गाने उठून एका आवाजात उत्तर दिलं, "वुई आर गोइंग, सर. गुडबाय." कोणी चुकलं नाही.

शनिवारी संचालकांनी चष्मा शोधून डोळ्यांवर घातला आणि पत्र वाचून दाखवलं. सोमवारपासून सव्वासातचा वर्ग टोपीकडे. बाई सहायक, मागच्या खोलीत, झेरॉक्स मशीनशेजारचं टेबल.

"वह्या तपासायला तुमच्यासारखं कोणी नाही," संचालक म्हणाले.

"वर्ग चांगला झाला होता," बाई म्हणाल्या.

"अहो, निरीक्षक पण तेच म्हणाले. तोंडी. माझ्या हातात असतं तर—"

"मग ही किल्ली तुमच्या हातात देऊ का?" बाईंनी विचारलं.

"किल्ली? राहू द्या तुमच्याकडेच. सकाळी तुम्हीच आधी येता."

टोपी ओशाळला होता. त्याने वर्ग मागितला नव्हता. त्याने बाईंना विचारलं, तुमची टिपणं मिळतील का, म्हणजे विद्यार्थ्यांचं नुकसान व्हायला नको. बाईंनी त्याला दोन वह्या दिल्या, अकरा आठवड्यांच्या, तारखांसकट. तो वर्गात नमस्कार करायला गेला, लोकांशी दोन मिनिटं बोलला. कमिंगची कथा त्याला न्हाव्याने सांगितली. टोपी फार हसला. दारात आल्यावर वळून, डोळा मिचकावून म्हणाला, "ओके, आय ॲम कमिंग!"

वर्ग खदाखदा हसला. लिफ्टवाल्याने टाळी वाजवली. त्याच्या तोंडी तो विनोद होता. मागच्या खोलीत बाईंनी तो स्वच्छ ऐकला. त्याचा उच्चार अर्थातच चांगला होता.

रविवारी नवऱ्याचा फोन आला.

"काय मॅडम, लागला निकाल?"

"लागला."

"मग? वर्ग तुझा?"

बाईंनी मावसबहिणीकडे पाहिलं. ती इस्त्री करत होती, युनिफॉर्मच्या बाहीवरून मान वर करत नव्हती.

"वह्या माझ्या," बाई म्हणाल्या. मग सगळं सांगितलं, पाच वाक्यांत, कुठेही न थांबता.

"मग येतेस का?" नवऱ्याने विचारलं.

"कुठे येऊ? रजेला अजून एकवीस महिने आहेत. आणि आले तर पिशव्याच चिकटवायच्या ना. त्या इथे काय, तिथे काय."

"तिथे निदान मी तरी आहे."

"तुम्हाला इंग्रजी येत नाही," बाई म्हणाल्या. दोघंही थोडं हसले.

फोन ठेवताना त्यांच्या तोंडात सवयीचा शब्द आला. तो त्यांनी गिळला, आणि दुसरा कोणता म्हणायचा ते न सुचून नुसताच फोन बंद केला. मावसबहिणीने इस्त्री उभी केली.

"ताई, त्यांना येते म्हणायचं होतंस. ते काय फॉर्म घेऊन बसलेत?"

"झोप तू," बाई म्हणाल्या. दुपारचे चार वाजले होते.

उद्या सोमवार. सव्वासातचा वर्ग तीन नंबरच्या खोलीत भरेल, टोपी सात वाजून चौदा मिनिटांनी येईल. मागच्या खोलीत झेरॉक्स मशीनशेजारी चौदा वह्या ठेवलेल्या आहेत. खालचं शटर साडेसहाला उघडायचं आहे, आणि किल्ली बाईंकडेच आहे.